छत्री बसवा, पण तारेचे काम थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांत उपग्रहावरून इंटरनेट पोचवण्याचे ठरले. तेव्हापासून आमच्या शहाद्यात चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत एकच बोलणे कानावर येते : आता धडगावला टॉवर नको, केबल नको, सगळे थेट वरून येणार. परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले, "मग आता रस्त्याच्या कडेला चर खणायचा खर्च कशाला, ताई?" त्यांना मी उभ्या उभ्या जे सांगितले ते अर्धवट राहिले. ते पुरते सांगावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण जागा द्यावी ही विनंती.

मी निवृत्त परिचारिका आहे. वडील तारखात्यात लाइनमन होते, तळोद्याला. माझी नोकरी आधी मुंबईत आणि पुढे कॅनडात झाली. त्यातली 2008 ते 2017 ही नऊ वर्षे मी नुनावूतमध्ये काढली. कॅनडाच्या अगदी उत्तरेचा हा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहापटीहून अधिक आणि वस्ती सगळी मिळून सुमारे 37 हजार, म्हणजे एकट्या शहादा शहराहूनही कमी. ही माणसे 25 गावांत राहतात आणि त्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. माणूस विमानाने येतो. डिझेल, लाकूड आणि पिठाची पोती उन्हाळ्यात समुद्राचे बर्फ फुटले की जहाजाने येतात. बहुतेक लोक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांचा फोन, शाळेचे इंटरनेट, दुकानातले कार्डाचे यंत्र, विमानाची वेळ, दवाखान्याचा अहवाल हे सगळे उपग्रहावर चालते. बाहेरून आलेली फायबर केबल तिथल्या एकाही गावात आजपर्यंत पोचलेली नाही.

देशांतर्गत दळणवळणासाठी स्वतःचा भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबलेला दिसणारा, उपग्रह सोडणारा पहिला देश म्हणजे कॅनडा. नोव्हेंबर 1972 मध्ये तो गेला आणि त्याचे नाव ठेवले 'अनिक'. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत याचा अर्थ भाऊ. जी सोय आपल्या नंदुरबारला आज नवलाईची म्हणून येते आहे, तिच्या जिवावर ती गावे पन्नास वर्षांहून अधिक काळ जगत आहेत. त्यांचा अनुभव आपल्याला आयता मिळतो आहे. तो कोणी विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून मला राहवले नाही.

माझे गाव बॅफिन बेटाच्या उत्तर भागात होते. त्याचे नाव देत नाही, कारण गावात दवाखाना एकच आणि नाव दिले की माणसे ओळखू येतील. आम्ही चौघी परिचारिका आणि एक दुभाषी बाई. डॉक्टर काही आठवड्यांनी विमानाने यायचे, दोन-चार दिवस राहायचे आणि जायचे. एरवी डॉक्टर म्हणजे फोनमधला आवाज. बाळंतपण जवळ आले की बाईला तीन-चार आठवडे आधीच विमानाने मोठ्या गावी पाठवायचे. हे सगळे उपग्रहाशी बोलणाऱ्या ज्या एका छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर, अवलंबून होते, ती गावाच्या टोकाला कुंपणात उभी होती.

ती छत्री पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले, वाऱ्याने कलंडली असावी. ती आभाळाकडे बघतच नव्हती. समोरच्या खाडीपलीकडे डोंगराची जी कड दिसायची तिच्या जरा वर तिचे तोंड होते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ 36 हजार किलोमीटर उंच असतात. इतक्या उत्तरेकडून पाहिले तर ते क्षितिजाला टेकलेले असतात, दहा अंशांहूनही खाली. तेवढ्या फटीतून सगळ्या गावाचा आवाज जायचा आणि यायचा. बोललेला शब्द वर जाऊन खाली उतरायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी तेवढाच. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण इकडे मूल धाप टाकत असते, मी विचारते, पलीकडून उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारते आणि नेमके त्याच वेळी डॉक्टरांचे पहिले उत्तर येऊन माझ्या शब्दांवर आदळते. दोघेही थांबतो, मग दोघेही एकदम बोलतो. नव्याने आलेल्या मुलींना मी आधी हेच शिकवायची : वाक्य पुरे करा, मनात एक-दोन म्हणा आणि मगच पुढचे बोला.

व्हिडिओवरून तपासणी सुरू झाली तेव्हाचा एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, छातीत दुखते म्हणून आलेली. तिला इंग्रजी येत नव्हते. पडद्यावर ओटावाचे हृदयरोगतज्ज्ञ, आजीच्या शेजारी आमची दुभाषी, मागे मी. डॉक्टरांनी विचारले, "दुखतं तेव्हा डावा हात जड होतो का?" दुभाषीने ते इनुक्टिटुटमध्ये सांगितले. आजी काही बोलली नाही. डॉक्टर थांबले. पुन्हा विचारले. आजी पुन्हा गप्प. डॉक्टर मान खाली घालून लिहू लागले. तेवढ्यात दुभाषी मोठ्याने म्हणाली, "ती हो म्हणाली. दोनदा हो म्हणाली."

"मला काही ऐकू आलं नाही."

"ती बोलली नाही. तिने भुवया उचलल्या."

इनुइट माणूस 'हो' म्हणायला भुवया वर करतो आणि 'नाही' म्हणायला नाक किंचित आकसतो. बोलण्याची गरज नसते. ओटावाच्या पडद्यावर आजीचे चित्र अर्ध्या मिनिटापूर्वी गोठले होते. तिने दोनदा दिलेले उत्तर तिथवर पोचलेच नव्हते. डॉक्टर भले होते, त्यांनी माफी मागितली आणि तिला त्याच आठवड्यात विमानाने बोलावून घेतले. त्या दिवशी दुभाषी रजेवर असती तर कागदावर 'नाही' लिहिले गेले असते. मंद इंटरनेटला आपण गैरसोय म्हणतो, चित्रपट अडकला म्हणून चिडतो. दवाखान्यात त्याचा अर्थ असा असतो की रोग्याने सांगितलेले डॉक्टरपर्यंत पोचत नाही.

डिसेंबर 2016 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने इंटरनेट ही मूलभूत सेवा ठरवली आणि देशभर प्रत्येक घरी उतरवण्यासाठी 50 आणि चढवण्यासाठी 10 मेगाबिट वेगाचे लक्ष्य ठेवले. आमच्या गावात त्या वर्षी महिन्याच्या डेटाला मर्यादा होती आणि शाळेची मुले अभ्यासाला बसली की ती दहा-बारा तारखेलाच संपायची. फलकावर लिहिलेला वेग आणि गावात उतरलेला वेग यांत किती अंतर पडते ते मी नऊ वर्षे पाहिले.

आता 6 ऑक्टोबर 2011 या दिवसाविषयी. त्या सकाळी अनिक एफ2 या उपग्रहात बिघाड झाला आणि त्याचे तोंड पृथ्वीवरून फिरले. कॅनडाच्या उत्तरेतली डझनावारी गावे एका क्षणात तुटली. पैशाची यंत्रे बंद पडली, विमाने जमिनीवर राहिली. आमच्याकडे गावातल्या गावात फोन लागत होते, गावाबाहेर एकही नाही. हे आम्हाला कळायलाही वेळ गेला, कारण बिघाड झाला आहे हे सांगणार कोण आणि कशावरून?

दहाच्या सुमारास एक तरुण आई नऊ महिन्यांचे बाळ पार्क्याच्या टोपीत पाठीशी घेऊन आली. तिकडे बायका पाठीला मोठी टोपी असलेला पार्का घालतात आणि मूल त्यात बसते. तिने ते पुढे काढले तेव्हा त्याच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. प्राणवायू लावला, वाफ दिली. पण पुढच्या औषधाला डॉक्टरांचा आदेश हवा, आणि रात्रीतून बिघडले तर विमान हवे. कपाटात एक सॅटेलाइट फोन होता, वेगळ्या उपग्रहांवर चालणारा, अशाच वेळेसाठी ठेवलेला. तो घराच्या आत लागत नाही. मी कोट चढवून दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी गेले. थंडी त्या गावाच्या मानाने फार नव्हती, उणे सात-आठ असेल. फोन सुरू केला तर बॅटरीची एकच रेघ. तो चार्जिंगला लावायचे काम कोणाचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

दोन मिनिटे बोलणे झाले. बाळाचे वजन, श्वासांचा आकडा, ऑक्सिजनचा आकडा, एवढेच मी तळहातावर लिहून घेऊन गेले होते. तेवढे सांगितले, औषधाचा डोस तळहातावर लिहून घेतला आणि फोन मिटला. बाळ तरले. सायंकाळपर्यंत त्याने दूध ओढले आणि रात्री उशिरा दवाखान्यातला फोन वाजला तेव्हा ते झोपले होते. पण रेघ एकऐवजी शून्य असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या दिवसभर गाव चालवले ते गावच्या एफएम रेडिओने. तिथे प्रत्येक गावात छोटे रेडिओ केंद्र असते, गावातलीच माणसे ते चालवतात. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेला हातमोजा, कोणाकडे सीलचे ताजे मांस आहे अशा गोष्टी. त्या दिवशी त्यावरून एक म्हातारे गृहस्थ दर तासाला सांगत होते : विमान येणार नाही, शिकारीला गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉकी-टॉकी चालू ठेवावी, दवाखान्यात कोणाला न्यायचे असेल तर अमक्याची गाडी उभी आहे. अवकाशातला उपग्रह फिरला होता आणि एका खोलीतला जुना ट्रान्समीटर काम करत होता. पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघींनी बसून दोन पानांची यादी केली : फोन बंद पडल्यावर काय करायचे, कोणी करायचे, कुठला फोन कुठे उभे राहून लावायचा, त्याची बॅटरी कोणी कोणत्या वारी तपासायची. ती यादी भिंतीवर लागली. मी निघेपर्यंत तिचा उपयोग सहा-सात वेळा तरी झाला.

काही खंड तर ठरलेलेच असत. वसंतात आणि शरदात काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे सगळे आंधळे होते. त्याच्या वेळा आधी कळायच्या, आम्ही त्या वेळी कोणाची तपासणी ठेवत नसू. सांगून येणाऱ्या अडचणीचा मला कधी राग आला नाही.

राग यायचा तो दुरुस्तीचा. आमच्या गावात कंपनीचा एकही माणूस नव्हता. काही बिघडले की दोन हजार किलोमीटरवरून तंत्रज्ञ येणार. हवा खराब असली की तो मधल्या विमानतळावर अडकणार, आणि सुटा भाग त्याच्या मागून दुसऱ्या विमानाने येणार. दरम्यान छत्री जिवंत ठेवायचा तो दुकानात काम करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा. वादळानंतर तो मऊ झाडू घेऊन कुंपणात जायचा आणि छत्रीवरचा बर्फ कडेकडून आत असा झाडायचा, मधल्या नळीला धक्का न लावता. हे त्याला कोणी शिकवले नव्हते, एकदा चुकून धक्का लागला आणि दिवसभर फोन गेले तेव्हा तो स्वतःच शिकला. कुठला दिवा हिरवा असताना काय चालू असते ते त्याला पाठ होते. या मुलाला प्रशिक्षण द्या, पगार द्या, म्हणून मी कंपनीला तीनदा लिहिले. उत्तर आले की सध्या तशी योजना नाही. तो मुलगा पुढे खाणीवर कामाला गेला. माझे वडील खांद्यावर तारेचे भेंडोळे घेऊन तळोद्याहून अक्राणीच्या घाटात चढायचे, पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की. ते घरी म्हणायचे की कुठल्या वळणावरचे कुठले झाड पडणार हे त्यांना जूनमध्येच ठाऊक असते. ही माहिती ज्याच्याजवळ आहे तो माणूस गावातच राहत असेल, तरच तार टिकते. मी इतक्या दूर जाऊन पाहिले ते हेच.

आता कोणी म्हणेल, ताई, तुमचे उपग्रह जुने. नवे पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यांना उशीर लागत नाही. खरे आहे. 2022 नंतर तिथे घराघरांवर स्टारलिंकच्या त्या लहान छत्र्या बसल्या. माझ्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणी सांगतात की आता व्हिडिओ अडकत नाही, मुले घरी बसून कॉलेजचे वर्ग करतात. ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्या आजीला ही छत्री हवी होती. म्हणून मी उपग्रहाच्या विरोधात लिहीत नाही. नंदुरबारला छत्र्या याव्यात आणि लवकर याव्यात. पण 24 जुलै 2025 रोजी हीच सेवा सॉफ्टवेअरच्या बिघाडाने सुमारे अडीच तास जगभर बंद होती. उपग्रह हजारो असले तरी त्यांना चालवणारी व्यवस्था एकच आणि तिची किल्ली एकाच हाती आहे. ज्या गावाला दुसरी वाट आहे त्याच्यासाठी अडीच तास म्हणजे काही नाही. ज्याला नाही त्याच्यासाठी ते 6 ऑक्टोबरच आहे.

केबलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ समुद्राखालून गेलेली फायबर केबल जून 2023 मध्ये बर्फाने तळ खरवडल्यामुळे तुटली. नोम, कॉट्झब्यू, उत्कियाग्विक अशी गावे अडकली आणि बर्फ हटून जहाज पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये वणव्याने फायबरची लाइन जाळली. हे रिव्हर आणि फोर्ट स्मिथ ही गावे रिकामी करायची वेळ आणि फोन-इंटरनेट बंद पडायची वेळ एकच आली. लोक गाडीत बसून धुरातून निघाले आणि पुढचा रस्ता खुला आहे की नाही हे विचारायला फोन चालत नव्हता.

एक वाट कधीच पुरत नाही, मग ती जमिनीतली असो की आभाळातली. केबल असेल तर जोडीला छत्री हवी, छत्री येणार असेल तर मागून केबल यायलाच हवी. ग्रीनलंडच्या नूकला 2009 पासून समुद्राखालची केबल आहे. समुद्राच्या या बाजूला इकालुइत, नुनावूतची राजधानी, अजून छत्रीकडे बघते आहे. केबलची चर्चा मी तिथे होते तेव्हाही चालू होती. उपग्रह आहे, काम चालले आहे, असे म्हणत पन्नास वर्षे गेली. आपल्याकडे हेच होईल अशी मला भीती वाटते. सोय आली की निकड संपते आणि चर बुजवले जातात.

शेजारच्या नुनाविकने, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या उत्तरेतल्या इनुइट गावांनी, वेगळे केले. तिथल्या प्रादेशिक सरकारने इंटरनेटची सेवा स्वतःच चालवायला घेतली आणि गेल्या काही वर्षांत हडसन उपसागराच्या किनाऱ्याने पुविर्नितुकपर्यंत केबलही टाकली. छत्र्या काढल्या नाहीत. आणि इग्लूलिक नावाच्या गावाची गोष्ट मला फार आवडते. 1975 मध्ये तिथे टीव्ही येणार होता, गावाने मतदान करून नको म्हटले. 1979 मध्ये पुन्हा नको. कारण त्यावर आपल्या भाषेतले काहीच नाही. इनुक्टिटुटमध्ये कार्यक्रम येऊ लागण्याची सोय झाली तेव्हाच तो घेतला. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी आणि भिली बोलतात. छत्री बसवण्याआधी तिथे कोणी ग्रामसभा घेऊन विचारणार आहे का, की ती कुठे बसावी, चावी कोणाकडे असावी, त्यावरून पहिले काय पोचावे?

माझ्या भावाची मुलगी धडगाव तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवायचे तर ती रोग्याला घेऊन उपकेंद्राच्या मागच्या टेकाडावर चढते, तिथे मोहाच्या झाडाखाली दोन रेघा येतात. गरोदर बाईला ते टेकाड चढवता येत नाही म्हणून तिचे सगळे ही तोंडी सांगते. दिवसभराची नोंद वहीत करते आणि रात्री मोटारसायकलवरून खाली रस्त्याला येऊन ॲपमध्ये भरते. "आत्या, तुमच्याकडे बर्फ होता, इथे काय आहे?" असे तिने मला एकदा विचारले, मला उत्तर देता आले नाही. तिच्या वाटेवरच्या एका ग्रामपंचायतीत भिंतीला पांढरी पेटी आहे. फायबर तिथवर आले आहे. पेटीतला दिवा मी तीन वेळा जाऊन पाहिला, तिन्ही वेळा बंद होता. शिपायाने सांगितले, वीज गेली की जातो आणि मग कोणी येत नाही.

2011 मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. जुलै 2022 मध्ये 24,680 गावांत 4जी पोचवण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची योजना आली. त्याआधी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. आम्हाला त्याचा अभिमान आहे. आज त्याच जिल्ह्यात डोंगरातल्या रेशन दुकानात बाई अंगठा यंत्रावर ठेवते, गोल चक्र फिरत राहते, दुकानदार म्हणतो उद्या या आणि ती डोक्यावर रिकामी पिशवी घेऊन दोन डोंगर परत चालते. रोजगार हमीची हजेरी फोनवर, अंगणवाडीची नोंद फोनवर, शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर. सरकारने प्रत्येक हक्काच्या दाराला इंटरनेटचे कुलूप लावले आहे. मग किल्ली आधी द्यायला नको का?

म्हणून जिल्हाधिकारी आणि आरोग्य खात्याकडे माझे मागणे आहे. छत्र्या पहिल्यांदा उपकेंद्र, आश्रमशाळा आणि रेशन दुकानावर बसवा, कचेऱ्यांवर नंतर. प्रत्येक छत्रीबरोबर सौर पॅनेल आणि बॅटरी द्या, कारण सातपुड्यात पाऊस आणि वीज एकदमच बेभरवशाची होतात, आणि जोराच्या पावसात उपग्रहाचा सिग्नलही मंदावतो. आयटीआय झालेल्या पाड्यावरच्या मुलामुलींना दुरुस्ती शिकवा आणि महिन्याचा पगार द्या, मानधनाची चिठ्ठी नको. फायबरचे काम कुठवर आले, कुठे बंद पडले, कोणी जोडायचे, हे तालुक्याच्या फलकावर गाववार लावा. आणि छत्री आली म्हणून त्या कामाचा एक रुपयाही कमी करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रांत वॉकी-टॉकी संच द्या. आपल्याकडे सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय ठेवता येत नाही, ते सुरक्षेच्या कारणाने योग्यच असेल, पण नर्मदाकाठच्या पुनर्वसन न झालेल्या पाड्यांना आणि तोरणमाळच्या पलीकडच्या केंद्रांना सरकारी खात्यामार्फत तो मिळवून देणे अशक्य नाही.

आमची ती दोन पानांची यादी मी निघताना उतरवून आणली होती. गेल्या महिन्यात ती मराठीत लिहिली, बर्फाच्या जागी पूर घातला, विमानाच्या जागी 108 ची रुग्णवाहिका आणि झोळी घातली. एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना टपालाने पाठवली आहे. दुसरी भाचीने उपकेंद्राच्या भिंतीवर लावली. नेटवर्क गेले तर पहिल्यांदा कोणाला हाक मारायची, कोणाची मोटारसायकल, कोणता ओढा किती पाण्यापर्यंत ओलांडता येतो, हे तिने गावातल्या आशाताईंना विचारून भरले आहे. तिसऱ्या ओळीत 'पर्यायी फोनचा नंबर' असे लिहिलेले आहे. त्यापुढची जागा तिने पेन्सिलने चौकट आखून रिकामी ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शहादा, जि. नंदुरबार
(नाव व पत्ता संपादकांकडे)